‘दूध उलटलं’, असं मी म्हणाले

बाळाला आंघोळ घालणाऱ्या बाईचे हात सगळे बघतात, पण खरं काम पायांचं असतं. बाथरूममध्ये पाटावर बसायचं, पाय लांब पसरायचे, जुळवून घ्यायचे आणि मधल्या खाचेत बाळ पालथं घालायचं. पाय ढिले पडले तर बाळ घसरतं, आवळले तर त्याला टोचतं. पहिल्या दिवशी बाळंतिणीचा चेहरा बघण्यासारखा असतो. बाळंतपणात घाबरली नसेल इतकी ती तेव्हा घाबरलेली असते. मी तिला सांगते, बाई, याच पायांवर घाटकोपर ते मुलुंड निम्मी पोरं मोठी झालीत.

हे मी जरा वाढवून सांगते, मला माहीत आहे.

माझं नाव सुमन, पण गेली तीस वर्षं मला या नावाने फार कोणी हाक मारलेली नाही. मी मालिशवाली मावशी. गाव जालन्याकडचं, लग्न होऊन घाटकोपरजवळ असल्फ्याच्या डोंगरावर आले. चुलतसासू सुईण होती, तिच्या मागे मागे जाऊन काम शिकले. सातवी झालेली असल्यामुळे आमच्या बुद्धविहाराशेजारच्या वाचनालयात पेपर वाचायला जाते. तिथल्या पोरींनी दिवाळी अंक काढायचं ठरवलं आणि म्हणाल्या, मावशी, तुमच्या घराघरातल्या गमती लिहा.

गमती पुष्कळ आहेत. घाटकोपरला एक आजी रोज माझ्याशेजारी स्टूल टाकून बसायच्या आणि नातवाच्या नाकाकडे बोट दाखवायच्या. नाक ओढा, सरळ करा. नाक त्या घराचंच बसकं होतं. आजींचं तसं, मुलाचं तसं, भिंतीवरच्या फोटोतल्या आजोबांचंही तसंच. मी चिमटीत धरल्यासारखं करायची आणि आजी समाधानाने उठायच्या. पवईला एका बाळाचे बाबा होते, ते आंघोळीच्या पाण्यात थर्मामीटर बुडवून आकडा लॅपटॉपमध्ये लिहायचे. एकदा ऑफिसची मीटिंग चालू असताना लॅपटॉप बाथरूमच्या दारात ठेवून ते टॉवेल आणायला गेले. मी बाळाला गाणं म्हणत होते, ते बंगलोरपर्यंत ऐकू गेलं म्हणे.

पण या दोन गमती लिहून झाल्यावर पेन थांबलं. आठ दिवस कागद पुढ्यात घेऊन बसले, उठले, पुन्हा बसले. जे लिहायचं नाही असं ठरवलं होतं, त्याच्याशिवाय दुसरं काही सुचेना. तेव्हा तेच लिहिते.

आधी आमचं काम काय असतं ते सांगते. सव्वा महिना आई आणि बाळ दोघांचं करायचं, पुढे बाळ बसायला लागेपर्यंत फक्त बाळाचं. आधी बाळंतिणीला तेल, पाठ आणि कंबर रगडून, मग पोटाला पट्टा. ती आंघोळीला गेली की बाळ माझ्या ताब्यात. पूर्वी मी बाळाच्या कानात तेल घालायची, नाकात घालायची, काजळ भरायची, वेखंड-ओव्याची धुरी द्यायची. चुलतसासूने शिकवलं तसं सगळं केलं. मग एकेका घरातून निरोप यायला लागले. डॉक्टर म्हणतात कानात तेल नको. डॉक्टर म्हणतात काजळ नको, त्यात शिसं असू शकतं. धुरी नको, बाळाच्या छातीला त्रास होतो. दर वेळी मला राग यायचा. मी म्हणायची, मग आमची पोरं जगली कशी? पण घर त्यांचं, बाळ त्यांचं. एकेक गोष्ट सोडत गेले.

पावडर तेवढी राहिली. ती माझी आवडीची. आंघोळ झाली, अंग पुसलं, की मानेच्या घडीत, काखेत, जांघेत पावडर आणि वरून छातीवर, पाठीवर हात फिरवायचा. दुपट्यात गुंडाळून आईच्या मांडीवर दिलं की सगळं घर त्या बाळाचा वास घ्यायला गोळा व्हायचं. मला वाटायचं, हे माझं काम लोकांना वासावरून कळतं. जितकी पावडर जास्त तितकं काम मन लावून केलं, असं घरच्यांनाही वाटायचं. एखाद्या दिवशी कमी पडली तर सासूबाई विचारायच्या, आज घाईत होता का?

मुलुंडला केतकी नावाची मुलगी होती. पहिलं बाळंतपण, मुलगी झालेली, नाव ठेवलं रेवा. नवरा कामानिमित्त बाहेर असायचा. घरात केतकी, तिची सासू नीलाताई आणि बाळ. नीलाताई माझ्याच वयाच्या, बँकेतून रिटायर झालेल्या, स्वभावाने चांगल्या. माझ्यासाठी चहा त्याच कपात द्यायच्या ज्यात स्वतः प्यायच्या. सगळ्या घरांत असं होत नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

रेवा अडीच महिन्यांची होती. बारशाला आलेल्या भेटींच्या खोक्यातला एक छोटा पावडरचा डबा तिला वापरत होतो. तो संपला तेव्हा नीलाताईंनी वरची भोकांची चकती सुरीने उचकटून मोठ्या डब्यातली पावडर त्यात भरली आणि चकती दाबून बसवली. ती नीट बसली नव्हती. आदल्या दिवशी पावडर लावतानाच ती माझ्या बोटाला हलताना लागली होती. मी अंगठ्याने दाबली आणि विसरून गेले.

त्या सकाळी केतकी आंघोळीला गेली होती. नीलाताई स्वयंपाकघरात होत्या. मी रेवाला पलंगावर टॉवेलवर ठेवून पुसत होते. ती भुकेने रडत होती, तोंड उघडून, अगदी जोरात. मी डबा उचलून मानेजवळ उपडा केला आणि झटका दिला. चकती सुटली. मूठभर पावडर तिच्या तोंडावर पडली, नेमकी ती रडण्यासाठी श्वास आत घेत असताना.

रडणं मध्येच बंद झालं. तीस वर्षांत मी पोरांचं रडणं थांबण्याची वाटच बघत आले, पण असं थांबलेलं कधी ऐकलं नव्हतं. तोंड पांढरं, नाक पांढरं, डोळे उघडे. मी तिला पालथं केलं, पाठ थोपटली, पदराने तोंड पुसलं. ती खोकली, खरखर आवाज करत श्वास घेतला, पुन्हा खोकली. ओठांभोवती निळं दिसायला लागलं.

केतकी ओल्या केसांनी धावत आली. काय झालं म्हणून विचारलं तिने.

“दूध उलटलं,” मी म्हणाले.

का म्हणाले, हे मी स्वतःला किती वेळा विचारलंय. मला वाटतं, तोंडातून जे निघायला सगळ्यात सोपं होतं ते निघालं. दूध उलटणं रोज घडतं, त्यात कोणाची चूक नसते. नीलाताई केतकीच्या मागोमाग आल्या. त्यांनी पलंगावर सांडलेली पावडर बघितली, सुटी पडलेली चकती बघितली, माझ्याकडे बघितलं. आणि टॉवेल गोळा करून पावडरीसकट बाजूला टाकला. त्याही काही बोलल्या नाहीत. चकती कोणी बसवली होती हे त्यांना आठवलं असणार.

रिक्षाने हॉस्पिटल जवळच होतं. केतकी बाळाला छातीशी धरून बसली होती, मी शेजारी, नीलाताई मागच्या रिक्षात. सगळ्या रस्ताभर केतकी मला विचारत होती, पण मी तिला पाजलंच नव्हतं ना मावशी, दूध कुठून आलं? मी म्हणाले, सकाळचं असेल. म्हणजे मी ते दुसऱ्यांदा बोलले.

हॉस्पिटलात त्यांनी बाळाला घेतलं, ऑक्सिजन लावला. डॉक्टर मॅडम तरुण होत्या, केस वर बांधलेले, आवाज शांत. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं आणि केतकीने सांगितलं, दूध उलटलं. मॅडम त्या हिशोबाने कामाला लागल्या. सिस्टर नळी घेऊन आली. मी दारात उभी होते. माझ्या पदराला पावडर होती, हाताला पावडर होती, वास सगळीकडे येत होता. तरी मी गप्प होते. पोलीस केस होईल, पेपरात येईल, मला कोणी दारात उभं करणार नाही, असं सगळं एकदम डोक्यात चाललं होतं. बाळाचं त्यात काहीच नव्हतं. सगळं माझंच होतं.

मॅडमनी बाळाच्या तोंडात टॉर्च मारला आणि थांबल्या. आत पांढरा चिकट थर होता. त्यांनी मागे वळून आम्हा तिघींकडे पाहिलं. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, “हे दूध नाही. जे असेल ते आत्ता सांगा. मला त्याप्रमाणे करावं लागेल.”

मी पुढे झाले. म्हणाले, “पावडर आहे. माझ्या हातून सांडली. डब्याची चकती सुटली.”

केतकीने माझ्याकडे बघितलं नाही. मॅडमनी मान हलवली, सिस्टरला काहीतरी सांगितलं आणि आम्हाला बाहेर बसायला लावलं.

मी किती वेळ गप्प होते? घरापासून धरलं तर अर्धा तास असेल. त्या अर्ध्या तासाने काय बिघडलं, काही बिघडलं की नाही, हे मला कोणी सांगू शकलेलं नाही. मी मॅडमना नंतर विचारलं होतं. त्या म्हणाल्या, सांगितलंत ते महत्त्वाचं. हे उत्तर नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं.

पहिल्या दोन तासांत रेवा बरी दिसायला लागली. खोकला कमी झाला, रंग आला. मला वाटलं सुटलो. पण मॅडम म्हणाल्या, थांबा, यात आधी बरं वाटतं, हे असंच असतं. आणि दुपारनंतर तिचा श्वास भरभर व्हायला लागला, बरगड्यांमध्ये खड्डे पडायला लागले. तिला काचेच्या खोलीत नेलं, श्वासाचं मशीन लावलं. सहा दिवस ती तिथे होती.

मी रोज जायची. मला कोणी बोलावलं नव्हतं. बाकीची घरं आटोपून बसने जायची आणि लिफ्टजवळच्या बाकावर बसायची. नीलाताई एकदा शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, चकती मी बसवली होती सुमनताई. मी म्हणाले, हलते हे मला माहीत होतं.

चौथ्या दिवशी डॉक्टर मॅडम त्या बाकापाशी थांबल्या. बहुतेक माझी दया आली असेल. त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. आपण ज्याला पावडर म्हणतो ती बहुतेक वेळा शंखजिऱ्याच्या दगडाची असते. दगड दळून मैद्यासारखा बारीक केलेला. पाण्यात तो विरघळत नाही, म्हणून छातीत गेला की शरीराला काढताही येत नाही आणि जिरवताही येत नाही. श्वासनळ्या आतून सुकतात, सुजतात. मी विचारलं, मक्याच्या पिठाची घेतली तर? त्या म्हणाल्या, नाकातोंडात गेली तर तीही वाईटच. बाळाला कुठलीच पावडर लागत नाही. घडीतलं पाणी मऊ कापडाने टिपलं की झालं.

मग मी त्यांना कमलचं विचारलं. कमल माझी थोरली बहीण. आयुष्यभर तिने रोज आंघोळीनंतर पावडर वापरली, अंगाला, मांड्यांना, खालीसुद्धा. उकाडा, घाम, पत्र्याचं घर, दुसरं काय करणार? तिला अंडाशयाचा कॅन्सर झाला आणि वर्षभरात गेली. मी कुठेतरी वाचलं होतं की पावडरने तसं होतं. मॅडम म्हणाल्या, खाणीत हा दगड सापडतो तिथे कधी कधी त्याला लागूनच अॅस्बेस्टॉस असतं, ते मिसळलं तर धोका नक्की आहे. नुसत्या पावडरने त्या जागेचा कॅन्सर होतो का, यावर डॉक्टरांचं अजून एकमत नाही. काहींना संबंध दिसतो, काहींना दिसत नाही. तुमच्या बहिणीला कशामुळे झाला हे कोणीच सांगू शकणार नाही.

अॅस्बेस्टॉस म्हणजे काय, ते मी वाचनालयात शोधलं. आमच्या डोंगरावर घरांवर जे सिमेंटचे जुने पत्रे आहेत, त्यात ते असतं. कमल त्याच पत्र्याखाली राहिली. म्हणजे डबा की पत्रा, की दोन्ही नाही, हेही कळायला मार्ग नाही. नक्की कळलं असतं तर रडून मोकळी झाले असते.

सातव्या दिवशी रेवा काचेच्या खोलीतून बाहेर आली आणि आणखी चार दिवसांनी घरी गेली. पोलीस केस झाली नाही. केतकीने हॉस्पिटलच्या दारात मला हात जोडून थांबवलं. म्हणाली, मावशी, उद्यापासून येऊ नका. पावडर माझ्याही हातून सांडली असती. त्यावर मी काही बोलणार नाही. पण मी रिक्षात तुम्हाला विचारत होते आणि तुम्ही मला पुन्हा तेच सांगितलंत.

मी हो म्हणाले आणि बसस्टॉपकडे गेले.

त्यानंतर मला एका जागी बसवेना. घरी बसले की हात चाळा करायचे. मी जुन्या घरांना भेटी द्यायला लागले. मी ज्या पोरांना पायांवर घेतलं होतं, ती कशी आहेत ते बघायचं होतं. विक्रोळीला एका घरी गेले, तिथली मुलगी आता कॉलेजात जाते, माझ्यापेक्षा हातभर उंच. तिच्या आईने चहा दिला, मायेने चौकशी केली आणि मी मध्येच विचारलं, हिला दम लागतो का गं? खोकला येतो का? आई हसली. म्हणाली, येतो की, उशिरा घरी आल्यावर वडिलांनी विचारलं की येतो. मीही हसले, पण मुलगी जिना उतरत गेली तेव्हा तिच्या श्वासाकडे कान लावून बसले होते.

असं पाच-सहा घरी केलं. शेवटी एका सुनेचा फोन आला. मावशी, तुम्ही येऊन गेल्यापासून आईंना झोप नाही, माझ्या मुलाची छाती तपासायला सांगतायत. तुम्हाला नक्की काय म्हणायचंय? मला काय म्हणायचं होतं ते मलाच सांगता येईना. मग ते जाणं बंद केलं.

कामात पावडर मात्र सोडली. ते वाटलं तितकं सोपं गेलं नाही. भांडुपच्या एका घरात आजी म्हणाल्या, तुम्ही आंघोळ घातलेल्या बाळाला वासच येत नाही. मी म्हणाले, बाळाला बाळाचा वास येतोय. त्यांना ते पटलं नाही, दुसरी बाई लावली. दुसरीकडे सुनेला पटलं पण मी गेल्यावर सासू गुपचूप लावायची, मला दुसऱ्या दिवशी घडीत पांढरी रेघ दिसायची. मी भांडले नाही. डब्याची चकती घट्ट आहे का तेवढं मात्र रोज बघून यायची.

रेवा दोन वर्षांची झाली असेल तेव्हा मी मुलुंडला गेले. न कळवता, कारण कळवलं असतं तर नको म्हणाली असती. वॉचमनने खालून फोन केला. मला वाटलं वर बोलावेल किंवा हाकलेल. केतकी एकटीच खाली आली.

ती तब्येतीने बरी दिसत होती. तिनेच सांगितलं की रेवा छान आहे, बडबड करते, पळते. पळाली की खोकते. डॉक्टर म्हणतात, त्यामुळे असेल किंवा नसेलही, मुंबईत पुष्कळ मुलांना असतं. मी मान हलवली. हे ‘असेल किंवा नसेल’ मला ओळखीचं होतं. तिने नीलाताईंचं सांगितलं, त्या गुडघ्यांनी बेजार आहेत.

मग केतकीने विचारलं, “तुम्ही दूध म्हणालात तेव्हा तुम्हाला माहीत होतं ना? की घाबरून खरंच तसं वाटलं होतं?”

तिने मला वाट करून दिली होती. हो म्हणाले असते, की घाबरले, सुचलं नाही, तर तिने ते घेतलं असतं. तिला ते घ्यायचंही होतं, असं मला तिच्या चेहऱ्यावरून वाटलं.

“माहीत होतं,” मी म्हणाले.

ती म्हणाली, बरं. मग म्हणाली, उन्हातून आलाय, पाणी पिऊन जा, वॉचमनकडे आहे. मग लिफ्टकडे गेली. मी पाणी प्यायले. बसस्टॉपवर थांबवेना म्हणून चालायला लागले आणि भांडुप येईपर्यंत चालतच राहिले.

तेव्हापासून नवीन घर धरलं की पहिल्याच दिवशी, तेलाची वाटी हातात घ्यायच्या आधी, मी हे सगळं सांगते. पावडरचं सांगते आणि दुधाचंही सांगते. काही घरं म्हणतात, कळवतो मावशी, आणि कळवत नाहीत. आमच्या वस्तीतल्या दुसऱ्या मालिशवाल्या मला वेड्यात काढतात. कशाला सांगतेस गं, कोणी विचारलंय का? विचारलं नाही हे खरं आहे.

सध्या घाटकोपरला एका मुलीकडे जाते, तिला मुलगा झालाय. पहिल्या दिवशी तिने माझं सगळं ऐकून घेतलं, चांगलं नाही की वाईट नाही, काहीच बोलली नाही. मला वाटलं हेही घर गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचाच फोन आला, मावशी, येताय ना? गेले तर फळीवरचे भेटीचे पावडरचे डबे सगळे उचललेले होते. मी बाळाला आंघोळ घालते तेव्हा ती स्वतःची आंघोळ पुढे ढकलून बाथरूमच्या दारात स्टूल टाकून बसते. फोन बघत नाही, बोलत नाही, माझ्या हातांकडे बघत राहते, बाळ पुसून दुपट्यात जाईपर्यंत. तिचा माझ्यावर पूर्ण विश्वास नाही. तो तिने ठेवूही नये. ती बसलेली असली की माझा हात नीट चालतो.